जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय? आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आपल्याकडं बऱ्याच घरांत एकच प्रश्न चालायलाय, लॅपटॉप तर चालू आहे, स्क्रीन चांगली आहे, कीबोर्ड चांगला आहे, पण विंडोज ११ घेईना, मग काय करायचं. दुकानात नेला की सांगतात हा गेला आता, नवीन घ्या. लातूरच्या ट्यूशन एरियात रूम करून राहणाऱ्या पोरांना लेक्चर बघायला आणि पीडीएफ उघडायलाच लॅपटॉप लागतो, गावाकडं कुणाला सातबारा काढायला, फॉर्म भरायला, एखादं अर्जाचं पान टाइप करायला लागतो. एवढ्या कामासाठी चाळीस-पन्नास हजार घालायची खरंच गरज नसती. दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या दुसऱ्या सिस्टमवर, अजून बरीच वर्षं काम देतो, आणि ज्यानं आयुष्यात कधी फॉरमॅट मारलेला नाही त्यालाबी हे जमतं. फक्त एक गोष्ट पक्की धरा, इन्स्टॉल हे अर्ध्या तासाचं काम आहे, खरं काम त्याच्या आधीचं आहे. घाई करणारे तिथंच फसतात आणि मग लिनक्सला नावं ठेवतात.

पहिलं म्हणजे आपला लॅपटॉप कोणता आहे ते बघून घ्या. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट असं गेलं की प्रोसेसर, रॅम आणि सिस्टम टाइप दिसतं. इंटेलचा असंल आणि आय ३-५००५यू किंवा आय ५-५२००यू असं काही लिहिलेलं असंल तर त्या चार आकडी नंबरचा पहिला आकडा म्हणजे पिढी, म्हणजे हे दोन्ही पाचव्या पिढीचे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागती, म्हणून तुमचा लॅपटॉप बाद ठरवला गेला, तो खराब झालाय म्हणून नाही. लिनक्सला ही अट नाही. सिस्टम टाइपमध्ये ६४ बिट प्रोसेसर दिसला म्हणजे झालं, जुने कोअर टू ड्युओवाले लॅपटॉपसुद्धा ६४ बिटच आहेत. ३२ बिट निघाला, म्हणजे एखादा लई जुना छोटा नेटबुक असंल, तर पर्याय फार थोडे राहिलेत, अँटीएक्स नावाचं एक आहे, पण त्यावर आजचं इंटरनेट चालवणं म्हणजे त्रासच, मी तरी सुरुवातीला तिकडं जाऊ नका म्हणेन.

आता कुणी हे करूच नये तेपण सांगतो. तुमचं आपले सरकार सेवा केंद्र असंल, अंगठ्याचं मशीन लागत असंल, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनवर सही करायची असंल, दुकानाचा हिशोब टॅलीवर असंल, नाहीतर डीटीपीचं काम श्रीलिपीवर चालत असंल, तर त्या लॅपटॉपचं विंडोज काढू नका. ही सॉफ्टवेअरं आणि ड्रायव्हर मुख्यतः विंडोजसाठी केलेली असतात. वाइन नावाच्या सोयीवर काही विंडोजची प्रोग्रॅमं लिनक्समध्ये चालतात पण ज्याच्यावर पोट आहे ते काम तसल्या भरवशावर ठेवायचं नसतं. बाकी ब्राउझरमध्ये होणारी कामं, म्हणजे महाडीबीटीचा फॉर्म, बँक, यूट्यूब, मेल, व्हॉट्सॲप वेब, ऑनलाइन क्लास, ही सगळी फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये होत्यात, तिथं लिनक्स आहे का विंडोज काही फरक पडत नाही.

लिनक्स एक नाही, शेकडो आहेत, आणि नवीन माणूस इथंच अडकून बसतो, आठ दिवस नुसते व्हिडिओ बघत. उगं डोकं घालू नका, लिनक्स मिंट घ्या. दिसायला जुन्या विंडोजसारखंच आहे, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळं घरच्यांना काही शिकवावं लागत नाही. मिंटचे तीन प्रकार मिळतात, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. रॅम ४ जीबी असंल तर एक्सएफसीई, ८ जीबी असंल तर सिनॅमन, माटेचा विचार सोडून द्या. मिंटवाले कमीत कमी २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा सांगतात, पण निवांत चालायला ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा पाहिजे असंबी तेच सांगतात, आणि ते खरं आहे, कारण लिनक्स कितीबी हलकं असलं तरी ब्राउझर हलका नाही, चार टॅब उघडले की २ जीबी तिथंच संपते. २२ च्या मालिकेतलं जे सगळ्यात नवं असंल ते उतरवा, त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

इथं एक सल्ला, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क असंल तर लिनक्स टाकायच्या आधी एक २४० नाहीतर २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या, अडीच इंची साटा वाली, जुन्या डिस्कच्या जागेवर तीच बसती. लॅपटॉप हळू चालायलाय याचं कारण दहातल्या आठ वेळा ती डिस्क असती, प्रोसेसर नाही. आणि याचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षातच येत नाही. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली की तुमचं विंडोज, फोटो, फायली सगळं त्यात जसंच्या तसं राहतं, त्याला हातच लागत नाही. लिनक्स नव्या एसएसडीवर टाका, नाही पटलं तर जुनी डिस्क परत बसवा, विषय संपला. पटलं तर जुनी डिस्क युएसबी केसिंगमध्ये घालून बाहेरून लावा आणि फायली ओढून घ्या. नवीन माणसाला डुअल बूट, म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणं, करण्यापेक्षा हे शंभर पटीनं सोपं आणि सुरक्षित आहे. काही लॅपटॉपला मागं छोटं झाकण असतं, दोन स्क्रू काढले की डिस्क हातात, काहींचं पूर्ण बूड उघडावं लागतं, ते जमत नसंल तर दुरुस्तीवाल्याकडून बसवून घ्या आणि उघडलाच आहे तर पंख्यातली धूळपण काढून घ्या, परभणी-नांदेडकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात धुळीनं भरलेला पंखा असला की कोणतीबी सिस्टम टाका, लॅपटॉप तापून हळू होणारच. रॅम वाढवायची असंल तर जुनी काढून तिच्यावर डीडीआर ३ आहे का डीडीआर ३ एल ते वाचून तसलीच घ्या.

एसएसडी घेणार नसाल, आहे त्याच डिस्कवर टाकायचं असंल, तर बॅकअप घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स तर घ्याच, पण डी ड्राइव्ह विसरू नका, क्रोममधले सेव्ह केलेले पासवर्ड विसरू नका, आणि बॅकअप घेतल्यावर त्यातली दोन-चार फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे नीट झाली असं नसतं. विंडोजची की हरवंल का म्हणून लई जण घाबरतात. विंडोज ८ पासून पुढं कंपनीतूनच विंडोज टाकून आलेल्या लॅपटॉपची की बहुतेक वेळा मदरबोर्डच्या चिपमध्येच साठवलेली असती, परत विंडोज टाकलं की आपोआप लागती. मात्र डिस्क पुसली की कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज परत टाकायला डिस्कवर ठेवलेला भाग, जातं.

मग डाउनलोड. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे आख्खं मिंट एकाच फाइलमध्ये, तीन जीबीच्या आसपास आहे, मोबाइलचा रोजचा पॅक दीड-दोन जीबीचा असंल तर एका दिवसात पुरत नाही, कुणाच्या घरी फायबर असंल तिथं जाऊन उतरवा. मिंटच्या अधिकृत साइटवरूनच घ्यायची, टेलिग्रामवर कुणी दिलेली नाही. सोबत ती फाइल पेनड्राइव्हवर चढवायला एक बारीक रूफस नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे हे ध्यानात ठेवा, रूफसमध्ये आयएसओ निवडा. निवडायच्या बटणाशेजारी बरोबरच्या खुणेचं एक बटण आहे, ते दाबलं की फाइलचा शा २५६ नंबर, म्हणजे फाइल तीच आणि पूर्ण आहे का ते ओळखायचा नंबर, निघतो, तो मिंटच्या साइटवर दिलेल्या नंबराशी जुळवा. पहिले आणि शेवटचे आठ-दहा अक्षरं जुळली तरी अर्धवट उतरलेली फाइल लगेच कळते. हे दोन मिनिटांचं काम लोक सोडून देतात आणि मग इन्स्टॉल मधेच अडकलं की दिवसभर कारण शोधत बसतात. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवली की बहुतेक जुन्या-नव्या दोन्ही प्रकारच्या बायोसवर, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी जे चालतं त्यावर, पेनड्राइव्ह चालतो. स्टार्ट दाबल्यावर आयएसओ मोड का डीडी मोड विचारंल, आयएसओ घ्या, त्यानं बूट नाही झालं तर परत डीडी मोडनं बनवा.

पेनड्राइव्हवरून सुरू करायला लॅपटॉप चालू करताना एक बटण सारखं सारखं दाबावं लागतं. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ १२, एचपीला एस्केप किंवा एफ ९, आसुसला एस्केप, एसरला एफ १२ पण एसरमध्ये ते आधी एफ २ दाबून बायोसमध्ये चालू करावं लागू शकतं. लेनोवोच्या काही मॉडेलला बाजूला बारीक नोव्हो बटण असतं, पिन घालून दाबायचं. यादी आली की त्यात पेनड्राइव्हचं नाव निवडा. काही केल्या यादी येईना तर विंडोज चालू असताना शिफ्ट धरून रीस्टार्ट मारा, तिथं बहुतेक यूज अ डिव्हाइस असा पर्याय येतो. स्क्रीन काळीच राहिली तर परत सुरू करून पहिल्या मेनूत कंपॅटिबिलिटी मोड घ्या, ग्राफिक्स कार्डाचं भांडण असंल तर तिथं सुटतं.

आता तुमच्यासमोर मिंट चालू आहे आणि अजून डिस्कला धक्का लागलेला नाही, सगळं पेनड्राइव्ह आणि रॅमवर चालायलंय. याला लाइव्ह सेशन म्हणतात, आणि माझं सगळं सांगणं इथंच येऊन थांबतं. बाजारात बैल घेताना आधी जुंपून बघतात, मगच पैसे मोजतात, तसं इथं दोन-तीन तास काढा. वायफाय दिसतंय का, आवाज येतोय का, हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतोय का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतंय का, उजेड कमी-जास्त करायची बटणं चालतात का, कॅमेरा चालतोय का. यूट्यूबवर एक व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर दहा मिनिटं चालवा. झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडा, लॅपटॉप जागा होतोय का बघा, जुन्या लॅपटॉपमध्ये झोपेतून न उठण्याची तक्रार सगळ्यात जास्त असती. घरात प्रिंटर असंल तर तोपण लावा. एचपीचे बरेच प्रिंटर लावल्या लावल्या ओळखले जातात, आपल्याकडं झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र वेगळा ड्रायव्हर मागतो आणि नवीन माणसासाठी ते किचकट आहे. या वेळेला सगळं जरा हळू वाटंल, पेनड्राइव्हवरून चालतंय म्हणून, त्यावरून मत बनवू नका.

वायफायच दिसत नसंल तर घाबरायचं नाही. मोबाइल केबलनं लॅपटॉपला लावा, मोबाइलमध्ये युएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला मोबाइलचं नेट मिळतं. मग मेनूत ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉमची वायफाय चिप असंल तर बहुतेक तिथं तिचा ड्रायव्हर दिसतो, टिक करून लावायचा. आणि जुन्याच डिस्कवर टाकणार असाल तर मेनूत डिस्क्स नावाचं ॲप आहे, त्यात उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची माहिती, बघा. रीअलोकेटेड सेक्टर किंवा पेंडिंग सेक्टरसमोर शून्याऐवजी मोठे आकडे दिसायले तर ती डिस्क जायच्या मार्गावर आहे, तिच्यावर काहीच टाकू नका, त्यातलं सामान आजच काढून घ्या.

सगळं पास झालं की इन्स्टॉल. पण त्याआधी लाइटचा विचार करा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक मेलेली असती, वायर काढली की बंद, आणि फायली कॉपी होताना मधेच लाइट गेली तर अर्धवट सिस्टम पडती, सगळं पहिल्यापासून करावं लागतं. इन्व्हर्टर असंल तर त्यावर लावा, आखाड्यावर राहत असाल आणि लाइट शेतीच्या फीडरवरची असंल तर गावातल्या घरी येऊन करा. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर नको, सकाळी लवकर बसा.

डेस्कटॉपवर इन्स्टॉल लिनक्स मिंट असं चित्र आहे, ते दाबा. भाषा मराठी निवडता येते, घरात फक्त मराठी वाचणारी मोठी माणसं वापरणार असतील तर जरूर मराठी घ्या, पण स्वतः शिकायचं असंल तर इंग्रजी ठेवा, अडचण आली की शोधायला सोपं जातं आणि मराठी टायपिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. कीबोर्ड इंग्लिश यूएस. मल्टिमीडिया कोडेक्सला टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत. मग येतो तो एकच प्रश्न ज्याच्यावर थांबून नीट वाचायचं. इरेज डिस्क अँड इन्स्टॉल म्हणजे ती आख्खी डिस्क पुसणार, नवीन एसएसडी असंल तर हेच घ्या, बिनधास्त. इन्स्टॉल अलाँगसाइड म्हणजे विंडोजच्या बाजूला टाकणार, त्यासाठी आधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद केलेलं पाहिजे, बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप, असंल तर ते उघडून ठेवलेलं पाहिजे आणि डिस्कवर जागा मोकळी पाहिजे, आणि बॅकअप तरीबी पाहिजेच. समथिंग एल्स हा तिसरा पर्याय पहिल्यांदा करणाऱ्यानं उघडू नये. बाहेरची हार्डडिस्क किंवा दुसरा पेनड्राइव्ह लावलेला असंल तर या वेळेला काढून टाका, म्हणजे चुकीची डिस्क निवडायची भीतीच राहत नाही, आणि डिस्कच्या नावासमोरचा आकार वाचा, २४० जीबी म्हणजे तुमची एसएसडी, ८ जीबी म्हणजे पेनड्राइव्ह.

पुढं टाइम झोन कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, प्रत्येक अपडेटला आणि सॉफ्टवेअर टाकताना लागतो. होम फोल्डर एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करू का विचारतं, जुन्या लॅपटॉपवर नको. एसएसडीवर पंधरा-वीस मिनिटांत होतं, जुन्या डिस्कवर जास्त वेळ लागतो, मधेच अडकल्यासारखं वाटलं तरी हात लावू नका. शेवटी रीस्टार्ट सांगंल, पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा.

पहिल्यांदा उघडलं की वेलकम स्क्रीन येते, तिथं क्रमानं चला. आधी टाइमशिफ्ट लावा, हे तुमच्या सिस्टमचा फोटो काढून ठेवतं, उद्या काही बिघडलं तर कालच्या जागेवर परत जाता येतं. तुमच्या फायलींचा बॅकअप मात्र ते घेत नाही, तो वेगळा. मग अपडेट मॅनेजर, त्यात सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन जवळचा भारतातला मिरर, म्हणजे अपडेट जिथून उतरतात तो सर्व्हर, निवडला की वेग बराच वाढतो, पहिलं अपडेट मोठं असतं, मोबाइल डेटावर असाल तर बघून करा. मग ड्रायव्हर मॅनेजर परत एकदा. फायरवॉल चालू करा. ॲंटिव्हायरस विकत घ्यायची गरज नाही, आणि नेटवरून एक्झी फायली उतरवायची सवय सोडा, जे पाहिजे ते सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा, व्हीएलसी, टेलिग्राम, सगळं तिथं आहे. एकाच ॲपचे दोन प्रकार दिसले, एक सिस्टम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक, तर कमी जागेच्या लॅपटॉपवर सिस्टम पॅकेज घ्या, फ्लॅटपॅक लई जागा खातं.

मराठी टायपिंगसाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, लेआउट, तिथं भारताखाली मराठी शोधा. इन्स्क्रिप्ट नावाची मराठी कीबोर्डची मांडणी शिकलेला माणूस असंल तर एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट घ्या, नाहीतर कागपा फोनेटिक घ्या, त्यात इंग्रजी अक्षराच्या उच्चारावरून मराठी उमटतं. तिथंच इंग्रजी-मराठी बदलायचं बटण ठरवता येतं. ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस आधीपासून टाकलेलं असतं, वर्डच्या फायली उघडतात, पण तक्ते आणि पानाची मांडणी कधी कधी हलते, म्हणून दुसऱ्याला छापायला द्यायची फाइल पीडीएफ करूनच द्या. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या मराठी फायली असतील तर तो फॉन्ट लिनक्समध्ये टाकल्याशिवाय त्या वाचता येणार नाहीत, जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून फॉन्टची फाइल घेऊन उघडा, इन्स्टॉलचं बटण येतं.

४ जीबी रॅम असंल तर फायरफॉक्समध्ये एका वेळेला पाच-सहा टॅबच्या वर जाऊ नका आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका, पानं बरीच हलकी होतात. पहिले पंधरा दिवस बाकी काही बदलू नका, थीम, आयकॉन, कुणीतरी सांगितलेल्या टर्मिनलच्या ओळी, काही नको, फक्त रोजचं काम त्यावर करा आणि जे अडंल ते वहीत लिहा, मग एकेक सोडवा.

आणि तो पेनड्राइव्ह फॉरमॅट मारू नका, मिंट तसंच राहू द्या. घरातला किंवा गल्लीतला कुणाचा विंडोज लॅपटॉप सुरूच होईना झाला तर त्याच पेनड्राइव्हवरून तो लाइव्ह सुरू करायचा, आतली डिस्क फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला दिसती, आणि डिस्क शाबूत असंल, बिटलॉकर लावलेलं नसंल तर फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून घेता येतात.